लेसरने व्रण राहण्याचा धोका किती? मदत हवी आहे

मंडळी, धाकट्या बहिणीच्या गालावर मुरुमांचे खड्डे आहेत. राजारामपुरीतल्या एका क्लिनिकमध्ये फ्रॅक्शनल सीओटू लेसर (त्वचेवर बारीक बारीक छिद्रं पाडून खड्डे कमी करणारा) सुचवलंय. पण तिच्या कान टोचलेल्या जागी हरभऱ्याएवढा केलॉइड (जखमेच्या जागेबाहेर वाढत जाणारा फुगीर व्रण) आलाय, टणक, अधूनमधून खाजतो. अशा त्वचेवर लेसरनेच नवा व्रण उठला तर? वर रंग सावळा, म्हणजे काळे डाग पडायची भीती जास्त. मुरुमांसाठीच्या आयसोट्रेटिनोइनच्या गोळ्याही नुकत्याच संपल्यात. पूर्वी त्यानंतर लेसरसाठी ६ महिने थांबवायचे, आता काही डॉक्टर तेवढं थांबवत नाहीत. क्लिनिकवाल्यांनी यातलं काहीच विचारलं नाही, पॅकेज मात्र लगेच सांगितलं!

आधी छोट्या जागेवर टेस्ट पॅच मागावा का? केलॉइड असूनही कुणी केलंय का? कोल्हापुरात किंवा सांगली-मिरजेकडे, गरज पडली तर स्पष्ट 'नको' म्हणणारे त्वचारोगतज्ज्ञ माहीत असतील तर कळवा. डिसेंबरात लग्न आहे, आईची घाई चाललीय.