भंगारातल्या बॉनेटवर पॉलिशिंगचा सराव: पत्रा कसला घ्यावा, सुरुवात कशी करावी?

सातपूर_ऑटो
नमस्कार मंडळी. १५ मिमी थ्रोचं (पॅडच्या झोल्याचं माप) डीए, म्हणजे फिरता फिरता झोके घेणारं ड्युअल-अ‍ॅक्शन पॉलिशिंग मशीन आणि पॅड चिकटवायची ५ इंची बॅकिंग प्लेट घेतली आहे. कटिंगचं फोम पॅड, फिनिशिंगचं फोम पॅड आणि एक लोकरी पॅड हाताशी आहे. गिऱ्हाइकाच्या गाडीला मशीन लावण्याआधी भंगारातल्या पत्र्यावर हात बसवायचा आहे. पत्रा निवडताना काय बघायचं? एका वेळी किती जागा घ्यायची, कंपाउंड (घासून कापणारी पेस्ट) किती, दाब किती? आणि क्लिअरकोट (रंगावरचा पारदर्शक थर) संपत आला हे वेळेत कसं ओळखायचं?

मायक्रॉन
पत्र्यापासून सुरू करतो, कारण तिथेच निम्मी चूक होते. सिल्व्हर किंवा फिका ग्रे अजिबात घेऊ नका. त्यावर स्वर्ल (गोलाकार बारीक ओरखडे) दिसतच नाहीत, त्यामुळे निघाले की नाही तेही कळत नाही. काळा, गडद निळा किंवा मरून घ्या. जुन्या ८०० किंवा ओम्नीचा सॉलिड रंग बऱ्याचदा क्लिअरशिवाय असतो. लाल-निळ्यात तो पॅडवर उतरतो म्हणून ओळखता येतो, पांढऱ्यात कंपाउंडही पांढरंच, म्हणून फसायला होतं. क्लिअरवर शिकायचं असेल तर मेटॅलिक घ्या.

पहिला पत्रा बॉनेटच असू द्या. सपाट आणि मोठा असतो, शिवाय खालच्या रिब्समुळे ताठ राहतो. सुटा फेंडर मशीनखाली थरथरतो, तो प्लायवूडला स्क्रूने आवळल्याशिवाय हात लावू नका. मुंबईत असाल तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरचा जुन्या सुट्या भागांचा बाजार आहेच, पण जवळच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे अपघाताच्या गाडीतून काढलेलं बॉनेट मिळतं का ते आधी विचारा. एक कोपरा चेपलेला असला तरी उरलेला पत्रा कामाचाच. कापलेल्या कडा धारदार असतात, त्यामुळे ने-आण करताना जाड हातमोजे घाला.

आणताना थिकनेस मीटर (रंगाची जाडी मोजणारं यंत्र) लावून बघा. कंपनीचा रंग साधारण ९० ते १४० मायक्रॉन भरतो, त्यातला क्लिअर ३५ ते ५०. मीटर फक्त एकूण जाडी सांगतो, क्लिअर वेगळा दाखवत नाही, हे डोक्यात पक्कं ठेवा. २०० च्या वर आकडा गेला तर पत्रा रिपेंट झालाय, त्याहून बराच वर गेला तर खाली पुट्टी आहे. रिपेंटचा पत्राही फेकू नका, नंतर लागेल. गॅरेजमध्ये मारलेला क्लिअर पुष्कळदा कंपनीच्यापेक्षा मऊ असतो आणि तेच कंपाउंड त्यावर वेगळं वागतं.

पत्रा_आणि_पॅड
आता प्रत्यक्ष काम. बॉनेट धुवा, क्ले (रुतलेली घाण ओढून काढणारी चिकणमातीसारखी वडी) मारा, मास्किंग टेपने दीड-दीड फुटाचे चौकोन पाडा. एक चौकोन अजिबात न शिवता सोडा, तुलनेला तोच लागतो.

नवं पॅड आधी कंपाउंडने नीट माखून घ्या, कोरं पॅड गरम होतं आणि रंगावर ओरखडे काढतं. त्यानंतर दर चौकोनाला वाटाण्याएवढे तीन-चार थेंब पुरतात. १ च्या स्पीडला पसरवा, मग ५ वर न्या. मशीनच्या वजनावर साधारण ४-५ किलोचा दाब द्या. हा दाब किती ते अंदाजाने कळत नाही. घरातल्या वजनकाट्यावर बंद मशीन दाबून बघा, दोन मिनिटांत हाताला समजतं. हात सेकंदाला दोन-तीन सेंटीमीटर सरकला पाहिजे. नवशिका याच्या चौपट वेगाने पळवतो आणि कंपाउंड कापत नाही म्हणून ओरडतो. आडवा एक, उभा एक, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढलेला, असे चार ते सहा पास.

बॅकिंग प्लेटच्या कडेला मार्करने एक जाड रेघ ओढा. रेघ फिरताना दिसली तर पॅड फिरतंय. रेघ जागच्या जागी थरथरायला लागली तर पॅड अडकलंय: दाब जास्त झाला किंवा पॅड तिरकं धरलंय. १५ मिमीच्या डीएवर बॉनेटच्या वळणावर हे हमखास होतं. तिथे दाब सोडायचा, स्पीड वाढवत बसायचं नाही.

दर चौकोनानंतर पॅड ब्रशने झाडा. साठलेला रंग आणि वाळलेलं कंपाउंड पॅडमध्ये राहिलं की पुढच्या चौकोनावर नवे ओरखडे पडतात. उन्हात तापलेल्या पत्र्यावर काम नको, कंपाउंड पसरायच्या आत वाळून चिकटतं.

सपाट कामावर हात बसला की दरवाजा उभा टेकवून तेच करा. उभ्या पत्र्यावर मशीनचं वजन तुमच्या मनगटावर येतं आणि दाब आपोआप कमी होतो.

मायक्रॉन
क्लिअर कधी संपतो याबद्दल: मुद्दाम एकदा जाळून बघा. भंगारचा पत्रा घेण्याचं खरं कारण हेच आहे. बॉनेटची कड किंवा मधली बॉडी लाइन निवडा. भाजताना ओला रंग धारेवरून मागे ओढला जातो, म्हणून तिथे थर मुळातच पातळ, आणि पॅडचा सगळा दाबही त्याच रेघेवर येतो. लोकरी पॅड जपून लावा; जमल्यास कुणाचं रोटरी (नुसतं गोल फिरणारं मशीन) आणून १५०० आरपीएमवर त्या धारेवर धरा.

आधी पत्रा हाताला चटका देईल. मग चमक जाऊन एक मंद, कोरडा डाग दिसेल आणि त्याभोवती नकाशावरच्या किनाऱ्यासारखी वाकडीतिकडी रेघ उमटेल. ती रेघ म्हणजे क्लिअरची उरलेली कड. त्याच वेळी पॅडवर गाडीचा रंग येतो. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की गिऱ्हाइकाच्या गाडीवर धारेला टेप लावायचा कंटाळा येत नाही.

मीटरच्या आकड्यावर मात्र डोळे मिटून विसंबू नका. कटिंगच्या एका फेरीत दोन-चार मायक्रॉन जातात आणि साध्या मीटरची चूकही तेवढीच असते. एकाच ठिकाणी पाच वेळा मोजा, सरासरी घ्या, मगच फरक धरा.

सातपूर_ऑटो
खूप आभार. काळ्या बॉनेटवर २००० ग्रिटच्या वॉटर पेपरच्या (ओल्या पॉलिश कागदाच्या) रेघा लोकरी पॅडने काढल्या. रेघा गेल्या, पण उन्हात धुरकट दिसतंय. फिनिशिंग पॅड मारल्यावर छान दिसलं, मात्र दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

काळा_क्लिअर
दुसऱ्या दिवशी परत आलं म्हणजे ते गेलंच नव्हतं. पॉलिशमधलं तेल बारीक रेघांत भरून बसतं, उडून गेलं की रेघा उघड्या पडतात. प्रत्येक टप्प्यानंतर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी, साधारण एकास चार, फवारून स्वच्छ मायक्रोफायबरने पुसा आणि मगच बघा. ट्यूबलाइटखाली काही दिसत नाही, एकाच बिंदूचा एलईडी टॉर्च तिरका धरा.

धुरकटपणा लोकरीच्या धाग्यांचा आहे, मऊ काळ्यावर तो येणारच. २००० वरून थेट लोकरीवर उडी मारू नका. मध्ये ३००० ची ओली डिस्क घ्या, म्हणजे कटिंगला कमी घासावं लागतं. मग कटिंग फोम, आणि शेवटी मेंझेर्ना ३८०० किंवा मेग्वायर्स २०५ सारखं बारीक पॉलिश मऊ फोमवर, स्पीड ३ ते ४. शेवटच्या दोन पासमध्ये दाब पूर्ण काढा, मशीन नुसतं स्वतःच्या वजनावर चालू द्या. फिनिशिंगचं पॅड कटिंगच्या कंपाउंडला कधीही लागू देऊ नका. एकदा लागलं की कितीही धुतलं तरी भरवसा नाही, ते पॅड कटिंगकडेच टाका.

तरीही धूर राहिला तर त्याच चौकोनात पॉलिश तेच ठेवून फक्त पॅड बदला, पुढच्या चौकोनात पॅड तेच ठेवून फक्त पॉलिश. दोन्ही एकदम बदलली तर कशाने फरक पडला ते कळणार नाही. टेपवर चौकोनाचं पॅड, पॉलिश, स्पीड आणि पास लिहून ठेवा.