शिक्षक-सवलतीसाठी मंडळाचं पत्र मिळेल का?

प्रेषक: मराठी शाळा, पहिलीचा वर्ग

नमस्कार मंडळी,
सप्टेंबरात आपल्या न्यू जर्सीच्या मराठी मंडळाची रविवारची शाळा सुरू होतेय. मुळाक्षरांच्या तक्त्यांची मुलांनी पार लक्तरं करून टाकलीत, म्हणून यंदा नवे तक्ते लॅमिनेट करून घ्यावेत म्हणते. हायवेवरच्या कलाकुसरीच्या दुकानात दारातच पाटी आहे, 'शिक्षकांना १५ टक्के सवलत'. आपण पाच जणी दर रविवारी शिकवतोच की! समितीने लेटरहेडवर दोन ओळींचं पत्र दिलं तर सगळ्यांचंच काम होईल.

---

प्रेषक: मराठी शाळा, तिसरीचा वर्ग

ताई, पत्राच्या भानगडीत पडू नका. मी आठवड्याचे पाच दिवस पब्लिक स्कूलमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी शाळेत, चौथीला शिकवते, माझ्याकडे रीतसर आयडी आहे. तरी गेल्या ऑगस्टमध्ये अशाच एका दुकानात माझा पोपट झाला.

लॅमिनेटर घेतला, किंमत ६० डॉलर. काउंटरवर फोन नंबर सांगितला, शिक्षक म्हणून नाव निघालं, ५१ झाले. मी खूश. माझ्या मागे कॉलेजातली एक मुलगी, हातात तोच खोका. तिने फोनवरचं कूपन दाखवलं, कुठल्याही एका वस्तूवर ४० टक्के. तिला ३६! ना ती शिक्षिका, ना तिला कुणी आयडी मागितला. मी म्हटलं, मलाही तेच लावा. कॅशियर म्हणाली, दोन्ही एकत्र चालत नाही, आणि कूपन लावायचं तर आधीचं बिल रद्द करायला मॅनेजर लागेल, तो जेवायला गेलाय. मागे सात माणसं उभी. मुकाट्याने बाहेर पडले.

घरी येऊन बारीक अक्षरं वाचली. सेलमधल्या वस्तूंवर नाही, कूपनबरोबर नाही, अमुक ब्रँडवर नाही. म्हणजे शहाणा माणूस जे पूर्ण किमतीला कधी घेतच नाही, तेवढ्यावरच आम्हाला सवलत. आणि त्यासाठी शाळेचा आयडी नि जन्मतारीख कुठल्याशा तिसऱ्याच कंपनीच्या साइटवर चढवून बसले होते.

शिक्षक पदरमोड करतात हे या लोकांना पक्कं ठाऊक आहे. सरकारच्या शिक्षण-सांख्यिकी केंद्राच्या पाहणीत २०१४-१५ साली पब्लिक स्कूलच्या ९४ टक्के शिक्षकांनी स्वतःचे पैसे घातले होते, सरासरी ४७९ डॉलर. अशा खर्चासाठी करपात्र उत्पन्नातून वजावट २०२५ साली होती ३०० ची. आयकराच्या २२ टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर हातात येणार ६६.

---

प्रेषक: ज्येष्ठ नागरिक कट्टा

मी निवृत्तीपर्यंत दुकानांच्या एका साखळीत किमती ठरवणाऱ्या विभागात होतो, म्हणून राहवत नाही. बाईंनी १५ आणि ४० ची तुलना केली. खरी गोम त्या ६० मध्ये आहे. ६० ला ते यंत्र वर्षातले किती दिवस विकलं जातं, हे विचारा.

ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की खोडून दाखवलेली जुनी किंमत खरोखरच बऱ्यापैकी काळ, नेहमीच्या व्यवहारात मागितलेली असावी. कॅलिफोर्नियाचा कायदा तर मागच्या तीन महिन्यांतला बाजारभाव बघतो. तिथल्याच अशा फुगवलेल्या किमतींच्या दाव्यात जेसी पेनी या दुकानांच्या साखळीने २०१५ साली ५ कोटी डॉलरची तडजोड केली.

पण गिऱ्हाईकही कमी नाही हो. याच पेनीने २०१२ मध्ये कूपनं बंद करून सरळ कमी किमती लावल्या होत्या. वर्षभरात विक्री जवळजवळ पावपटीने घटली आणि २०१३ च्या एप्रिलमध्ये सीईओची गच्छंती झाली. लोकांना ३६ चा खोका नको असतो, ६० चा खोका ३६ ला हवा असतो.

सगळीकडे फसवाफसवी असते असंही नाही. पुस्तकांवर शिक्षकांना सवलत मिळाली तर खुशाल घ्या. किंमत बहुधा पुस्तकावरच छापलेली असते, फुगवायला जागा नाही.

---

प्रेषक: खजिनदार

पत्र देता येणार नाही, सॉरी. या योजनांना बहुतेक ठिकाणी मान्यताप्राप्त शाळेतले नोकरदार शिक्षक लागतात. आपण स्वयंसेवक, आणि त्या पत्राखाली सही माझी! टॅक्सच्या वजावटीचंही मनात आणू नका. तिला वर्षाला ९०० तास लागतात, तेही राज्याच्या कायद्यात बसणाऱ्या शाळेत. आपले तीस रविवार दोन-दोन तास धरले तरी साठच.

त्यापेक्षा मंडळाचा एसटी-५, म्हणजे विक्रीकर माफीचा दाखला वापरा. न्यू जर्सीचा ६.६२५ टक्के विक्रीकर सरळ वाचतो. अट एकच, पैसे मंडळाच्या खात्यातून गेले पाहिजेत. गेल्या दिवाळीला तिघांनी स्वतःच्या कार्डाने भरून मला पावत्या पाठवल्या. त्यात कर गेला तो गेलाच. कार्ड माझ्याकडे आहे, शनिवारी सकाळी घेऊन जा.

---

प्रेषक: मराठी शाळा, पहिलीचा वर्ग

काका, ४० टक्क्यांचं कूपन आणि हा दाखला एकत्र चालेल ना? की तिथेही मॅनेजर जेवायला गेलेला असेल?

---

प्रेषक: ज्येष्ठ नागरिक कट्टा

चालायला हवं. कूपन दुकानाचं, कर सरकारचा. दाखल्याचं मात्र बिल व्हायच्या आधी सांगा.

---

प्रेषक: मराठी शाळा, तिसरीचा वर्ग

अहो, पण लॅमिनेटर विकत घेताय कशाला? माझा ५१ डॉलरवाला कपाटात पडून आहे, रविवारी आणते. प्लास्टिकचे पाउच तेवढे घेऊन या, माझ्याकडचे संपलेत.