बक्षीसपत्र झालं म्हणजे सगळं संपलं असं नाही

कुणीतरी लिहिलंय की, बक्षीसपत्र (मोबदला न घेता मालमत्ता देण्याचा दस्त) नोंदवलं की म्हाताऱ्यांच्या हातात काहीच उरत नाही. अर्धंच खरं आहे ते. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ बघा. सांभाळ करण्याच्या अटीवर जमीन किंवा घर दिलं आणि पुढे सांभाळलं नाही, तर न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द करू शकतं. अर्ज प्रांताकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याकडे करायचा; या न्यायाधिकरणाचं काम तेच बघतात.

गोम आहे ती अटीत. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये अट दिसलीच पाहिजे असं म्हटलं. जानेवारी २०२५ च्या निकालात मात्र कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने लावला. तिथे आईला सांभाळायचं लेखी वचन मुलाने दिलेलं होतं. म्हणून दस्तातच ‘सांभाळ करेल’ हे वाक्य घाला. आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याकडे लिहून देणारे ‘प्रेमापोटी’ लिहून मोकळे होतात, तिथेच घात होतो.

ओळखीच्या एका आप्पांची केळीची दोन एकर अशीच गेली. अर्ज करा म्हटलं तर म्हणे, ‘पोऱ्यावर केस करू का भो?’ निदान पोटगी तरी मागा म्हटलं, महिना १०,००० पर्यंत मिळू शकते. अजून तयार नाहीत.