मदत हवी आहे: कोअर इन्फ्लेशन नक्की कशासाठी बघतात?

मंडळी, भाची बारावी कॉमर्सला आहे, तिला इकॉनॉमिक्स शिकवताना इथे अडलोय. कोअर म्हणजे महागाईतून खाण्यापिण्याच्या वस्तू आणि इंधन वगळून उरतं ते, इथपर्यंत कळलं, कारण कांदा-टोमॅटोचे भाव पावसावर हलतात, व्याजदर वाढवून काही पीक जास्त येत नाही. पण रिझर्व्ह बँकेचं ४ टक्क्यांचं टार्गेट, २ वर-खाली, तर पूर्ण सीपीआयवर (म्हणजे ग्राहक किंमत निर्देशांकावर, ज्यात खाणंपिणं-इंधनही धरतात) आहे ना, मग कोअर वेगळं बघायचं कशाला? काल पंचवटीत भाजी घेताना तिने विचारलं, मामा, लासलगावला कांद्याचा भाव पडला आणि इथे घरभाडं, क्लासची फी वाढली तर महागाई वाढली म्हणायची की कमी झाली? प्रश्न अगदी बरोबर आहे, तिला गोलमोल उत्तर द्यायचं नाहीये. कोणी कॉलेजला शिकवत असेल तर उदाहरण देऊन सांगा प्लीज.