मदत हवी आहे : कोर्टात खोटं अ‍ॅफिडेव्हिट दिलं, पुढे काय होतं?

नमस्कार भाऊ, ताई. नागपूरला सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा न्यायालयात आईच्या वाटणीची केस सुरू आहे, त्यात मामानं यावर्षी शपथेवर लिहून दिलं की आईनं स्वतः येऊन हक्कसोडवर (आपला वाटा सोडल्याच्या कागदावर) सही केली. अन् त्या तारखेला आई काटोलला दवाखान्यात भरती होती! डिस्चार्ज कार्ड सापडलं, रेशनकार्डाच्या पिशवीत चार घड्या करून ठेवलेलं, शाई फिकी झाली पण तारीख साफ दिसते.

वकील म्हणतात आपल्याला डायरेक्ट केस टाकता येत नाही, बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम 379 खाली अर्ज द्यायचा, मग कोर्टाला वाटलं तर चौकशी करून कोर्टच मॅजिस्ट्रेटकडे लेखी तक्रार करते. शिक्षा बीएनएस (भारतीय न्याय संहिता) कलम 229 मध्ये 7 वर्षांपर्यंत अन् 10 हजारांपर्यंत दंड, पण कागदावरची शिक्षा वेगळी, खरंच होते किती ते सांगा.

अर्ज आत्ताच द्यावा का निकालापर्यंत थांबावं? अन् त्यानं माफी मागून अ‍ॅफिडेव्हिट मागे घेतलं तर कोर्ट सोडून देते का? आई रात्र रात्र झोपत नाही, सख्ख्या भावानं शपथ घेऊन खोटं बोलावं हेच तिला सहन होऊन नाही राहिलं. कोणाचा असा अनुभव असेल तर प्लीज लिहा.