मदत हवी आहे: ३५ हे उत्तर कोणत्या चुकीचं, हे प्रोग्रामने कसं ओळखायचं?

नमस्कार मंडळी,

तिसरी-चौथीच्या मुलांसाठी हातच्याच्या वजाबाकीचा सराव घेणारं ॲप करतोय. नुसतं बरोबर-चूक दाखवायचं नाहीये, पोरगं कुठे गडबडलं ते पकडायचंय.

ब्राऊन आणि बर्टन यांच्या 'बग्गी' या चुका ओळखणाऱ्या प्रोग्रामची (१९७८) पद्धत घेतली आहे. चुकीच्या रीतींची यादी करायची, प्रत्येक रीतीने गणित सोडवायचं आणि मुलाचं उत्तर कशाशी जुळतं ते बघायचं. ५०३ − २७८ चं उत्तर ३७५ आलं, तर प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा केलंय. ३२५ आलं, तर शून्याचे नऊ केले पण शतकाला हातच लावला नाही. इथवर झकास.

घोडं अडलं ५२ − २७ पाशी. मोठ्यातून लहान वजा केलं तरी ३५, आणि दशक घेऊन पाचाचे चार करायचे राहिले तरी ३५! शिवाय निव्वळ नजरचूक असेल तर? कॉर्बेट-अँडरसन यांच्या मॉडेलमध्ये नजरचुकीची आणि अंदाजपंचे बरोबर येण्याची शक्यता धरतात, पण ते कौशल्य येतं की नाही एवढंच सांगतं. कोणती चूक, ते नाही.

दुसरं म्हणजे काही मुलं उभी मांडणी करतच नाहीत. २७ ते ३० तीन, पुढे ५२ पर्यंत बावीस, झाले २५. ॲप मात्र आधी एककाचा अंक मागतं आणि या हुशार पोरांना लाल फुली देतं.

प्रतिसाद १
गणित बदला की! ७ आणि २ मधला फरक नेमका ५ आहे, म्हणून १२ − ७ सुद्धा ५ च येतात. ७२ − ३८ द्या: पहिल्या चुकीला ४६ येईल, दुसरीला ४४. संशयित रीतींची उत्तरं वेगळी पडतील असंच पुढचं गणित निवडायचं. तीच चूक पुन्हा पुन्हा दिसली तरच समजुतीची धरा. त्यातही मुलांच्या चुका बदलत राहतात, हे संशोधक व्हॅनलेन यांनी दाखवलंय. ताज्या उत्तरांना जास्त वजन द्या.

पायऱ्यांची सक्ती काढा. कच्च्या कामाला मोकळी जागा ठेवा. ५२ − २७ ला तिथे आधी ३ किंवा ३० उमटले तर मूल पुढे मोजत चाललंय असं धरून तपासा. जॉन्सन-सोलोवेंचं 'प्राउस्ट' हे सॉफ्टवेअर विद्यार्थ्यांचे पास्कल भाषेतले प्रोग्राम असेच तपासायचं: आधी विद्यार्थ्याचा बेत ओळखायचा, मग चूक शोधायची.

धागाकर्ता
७२ − ३८ लगेच घालतो, आभार! पण एकाच मुलाच्या दोन चुका एकत्र आल्या तर? सगळ्या जोड्या तपासायच्या म्हटलं तर यादी फार फुगतेय. कुणी हे केलंय का?