मदत हवी आहे: शेळीच्या लाळग्रंथींच्या स्लाइड्स

नमस्कार मंडळी. पशुवैद्यकीय शरीररचनाशास्त्रात एम.व्ही.एस्सी. करतेय. विषय उस्मानाबादी शेळीच्या लाळग्रंथी. नमुने कत्तलखान्यातून आणून १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये ठेवते.

पॅरोटिडची, म्हणजे कानाजवळच्या लाळग्रंथीची, काही अडचण नाही. सगळे सीरस अ‍ॅसिनाय (पाण्यासारखा पातळ स्राव करणाऱ्या पेशींचे गुच्छ; एक असेल तर अ‍ॅसिनस), गोल केंद्रकं, स्ट्राएटेड म्हणजे रेघा दिसणाऱ्या नलिका ठळक. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातलं आम्ल आवरणारी बायकार्बोनेटयुक्त लाळ मुख्यतः इथूनच येते, त्यामुळे ही ग्रंथी बघायलाही मजा येते.

गाडी अडते ती मँडिब्युलरपाशी, म्हणजे खालच्या जबड्याजवळच्या ग्रंथीपाशी. ही मिश्र ग्रंथी, सीरस आणि म्युकस (चिकट स्राव करणाऱ्या) दोन्ही पेशींची. एच अँड ई (हिमॅटॉक्सिलिन-इओसिन, ऊतींचं नेहमीचं रंजन) मध्ये म्युकस पेशी फिकट, जवळजवळ रिकाम्या दिसतात, केंद्रक तळाशी चपटं. त्यांच्या कडेला चंद्रकोरीसारखी गडद टोपी दिसते. ती खरी सीरस डेमिल्यून (म्युकस गुच्छाच्या टोकाला चिकटलेल्या सीरस पेशींची टोपी), की शेजारचा सीरस अ‍ॅसिनस तिरका कापला गेलाय? पीएएस आणि पीएच २.५ चा अल्शियन ब्लू या रंजनांनी म्युकस भाग उठून दिसतो, पण हा प्रश्न तसाच राहतो. सलग छेद घेऊन एकच अ‍ॅसिनस शोधत जावं का? कुणी केलंय?

दुसरं, विच्छेदनाचं. मोनोस्टोमॅटिक सबलिंग्वल (एकाच नलिकेने उघडणारी जिभेखालची ग्रंथी) आणि मँडिब्युलर यांच्या नलिका जिभेखाली शेजारून धावतात. नमुना घेताना एकीचा तुकडा दुसरीत जाऊ नये म्हणून नलिकेत रंगीत लेटेक्स (रबरासारखा घट्ट होणारा द्रव) सोडता का? पण मग तीच ग्रंथी ऊतींच्या अभ्यासाला चालते, की दुसऱ्या बाजूची ठेवायची?

हाताने काम केलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा. स्लाइडचे फोटो कमेंटमध्ये टाकते.